उगाच एक्केचाळीस

रॅकवर चोवीस बोर्ड होते, म्हणजे उघडे, छोटे संगणक. प्रत्येकाला विजेची एक वायर आणि त्याच्याशी बोलण्याची एक, म्हणजे अठ्ठेचाळीस वायरी. वीज चालू-बंद करणारे, आठ-आठ खटक्यांचे तीन डबे. एक टेबलफॅन, एक लाल प्लास्टिकचं स्टूल, भिंतीवर मागच्या वर्षीचं तमिळ कॅलेंडर. चोवीस लाल दिव्यांपैकी तेवीस विझलेले.

"किती?" वादिराजमामांनी दारातूनच विचारलं.

"चोवीस."

"दिवे?"

"सगळे बंद."

"सगळे?"

मी पुन्हा पाहिलं. एक नंबरच्या बोर्डाचा दिवा डोळे बारीक केल्यावर तांबूस दिसत होता. तसं मी सांगेपर्यंत तोही विझला.

"सेरि," मामा म्हणाले. सेरि म्हणजे बरं. "आधीं मोजणें, मग बोलणें. आतां बैस."

पेरुंगुडीच्या त्या ऑफिसात सगळे त्यांना 'राव सार' म्हणत. मीही पहिला आठवडा सर म्हणत होते. मग त्यांना कळलं की मी जळगावची, घरात मराठी बोलणारी. "सार बाहेर," ते म्हणाले होते. "इथें आंत मामा म्हण." त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली. घर आता वेस्ट मांबलमला आहे, पण घरातली मराठी अजून त्यांनी येताना आणली तीच आहे. हे कळलं त्याच दिवशी त्यांनी डबा पुढे केला आणि विचारलं, "डांगर खातीस?" आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. मी मोठ्या आशेने झाकण उघडलं, तर आत दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. ते मी तीनदा वाढून घेतलं, पण एवढं कळलं की आमचे शब्द तेच असले तरी डब्यात वेगळं निघू शकतं. पुढच्या गोंधळाच्या वेळी हे आठवलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं काम असं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा यंत्राला जागं करतो, त्याला कर्नल म्हणतात. त्यात कुणी चार ओळी बदलल्या की नवा कर्नल तयार होतो. तो चोवीस बोर्डांवर चढवायचा, प्रत्येक बोर्ड चौदा वेळा बंद करून चालू करायचा आणि दर वेळी तो नीट उठला का ते तपासायचं. हे सगळं एक स्क्रिप्ट, म्हणजे एक प्रोग्रॅम, करते. मामांनी ती एकोणीस वर्षांपूर्वी लिहिली आणि तेव्हापासून तेच सांभाळत आले. तिचं नाव राणोजी. मामांच्या आजोबांच्या कचेरीत या नावाचा पहारेकरी होता, तो सख्ख्या भावालासुद्धा चिठ्ठी पाहिल्याशिवाय आत सोडत नसे.

"टेस्ट करणाऱ्याला तोच स्वभाव होणें," मामा म्हणायचे. "कोणावरही विश्वास नाहीं. माझ्यावरही नाहीं."

त्या सोमवारी अकरा वाजता आमची मॅनेजर लावण्या आत आली आणि स्टुलावर बसली. ती तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलते, आणि वाईट बातमी असेल तर आधी कॉफी पाजते. आज तिच्या हातात तीन कप होते.

"सार, तुम्ही एकतीस तारखेला रिटायर होताय," ती म्हणाली. "राणोजीलाही त्याच दिवशी निरोप द्यावा असं वरचे म्हणतायत. दुसऱ्या टीमची नवी सिस्टिम आहे. सहा तासांत काम संपवते. राणोजीला किती लागतात?"

"नऊ तास बारा मिनिटं," मामांनी सांगितलं.

"नव्या सिस्टिमवर पहिले चार बोर्ड बसतील?" मी विचारलं.

"नाही. फार जुने आहेत. ते काढून टाकायचे."

मामांनी कॉफीचा कप खाली ठेवला. एक ते चार हे बोर्ड आता कुणी बनवत नाही. पण त्यांवर चालणारी यंत्रं अजून हवामान मोजतात, मासेमारीच्या होड्यांवर दिशा दाखवतात. इथे तपासणी थांबली तर त्या यंत्रांना नवा कर्नल कुणीच देणार नव्हतं. मामा त्यांना जुने म्हणत नसत, "पहिले चौघे" म्हणत.

"राणोजीला सहा तासांत बसवलं तर?" मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं, पण बोलून झालं होतं.

लावण्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "शुक्रवारी चार वाजता मला वर कळवायचंय. मागच्या महिन्यात पास झालेला कर्नल घे. तो चांगला आहे हे माहीत आहे, म्हणजे कोणी फेल झालं तर चूक राणोजीची. सहा तासांच्या आत, चोवीसपैकी चोवीस. जमलं तर राणोजी राहील आणि सांभाळशील तू."

ती गेल्यावर मामांनी तिन्ही कप गोळा केले. "माझ्यासाठीं करूं नकोस," ते म्हणाले. "मी घरीं जाऊन निजणार आहें."

"चौघांसाठी करते."

"मग सेरि."

मंगळवार आणि बुधवार ते रजेवर होते. थोरली मुलगी संयुक्ता तांबरमला असते, तिच्या घराची वास्तुशांत होती. ते परत येण्याआधी काम उरकून त्यांना चकित करायचं मी ठरवलं. राणोजीच्या दोन हजार नऊशे चौदा ओळी आहेत आणि मामांचे शेरे मराठीत, पण रोमन अक्षरांत. एक हजार एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर, बोर्ड बंद करणं आणि पुन्हा चालू करणं यांच्या मध्ये, स्क्रिप्ट एक्केचाळीस सेकंद काहीच करत नव्हती. शेजारी लिहिलं होतं: 'इथे उगाच ४१.'

मी मोठ्याने हसले. चोवीस बोर्ड, चौदा वेळा, एक्केचाळीस सेकंद. तेरा हजार सातशे शहात्तर सेकंद, म्हणजे तीन तास, एकोणपन्नास मिनिटं, छत्तीस सेकंद. सगळे उगाच, आणि लिहिणाऱ्यानेच तसं कबूल केलेलं. मी ओळ काढून टाकली. शाळेत गणिताच्या बाईंनी उत्तर बरोबर म्हटल्यावर वाटायचं तसं वाटलं.

मंगळवारचा निकाल: चोवीसपैकी एकोणीस.

काही बोर्ड अर्धवट उठत होते आणि आधीच्या फेरीतलंच काहीतरी बरळत होते, झोपेतून उठवलेलं माणूस कालचं बोलतं तसं. बुधवारी काहीही न बदलता पुन्हा चालवलं. चोवीसपैकी सतरा. त्यातही एक नंबर दोन्ही वेळा फेल, बाकीचे वेगळेच. दर वेळी तेच चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. वेगवेगळं चुकणं म्हणजे मला काहीतरी माहीतच नाही.

गुरुवारी मामा आले. बरोबर वास्तुशांतीचे लाडू होते. मी लाडू न घेता सगळं सांगितलं.

"एक हजार एकशे सत्त्याऐंशी काढलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच लिहिलंय ना, उगाच म्हणून."

"हो. मीच लिहिलों. उगाच. मग काढलीस कशाला?"

"उगाच होतं म्हणून."

मामांनी लाडवांचा डबा खाली ठेवला.

"थांब गे," मामा म्हणाले. "तुझ्या जळगावांत उगाच म्हणजे काय?"

"म्हणजे विनाकारण. काही गरज नसताना."

मामांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले आणि मला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अय्यो," ते म्हणाले. "आमच्या घरीं उगाच म्हणजे गप्प. आवाज नाहीं, हालचाल नाहीं. लहानपणीं आई ओरडायची, वादी, उगाच बैस. म्हणजे काय, विनाकारण बैस?"

"मला तसंच वाटलं असतं."

"मग तुझी आई तुला काय म्हणायची?"

"गप बस."

"पाहा. तिला एक शब्द कमी ठाऊक." त्यांनी लाडू माझ्या हातात ठेवला आणि खोलीतले दिवे बंद केले. "आतां एक नंबरची वीज काढ. आणि मोज."

मी खटका दाबला. अंधारात एक नंबरचा लाल दिवा मंद झाला, पण विझला नाही.

"वीज गेली," मामा हळू म्हणाले, "पण हा उगा झाला नाहीं. बोलायची वायर आहे ना, तिच्यांतून थोडी थोडी पितो. अशांत परत वीज दिलीस कीं तो नवा उठत नाहीं, जुनाच कूस बदलतो. विझेपर्यंत वाट पाहणें."

दिवा विझला तेव्हा मी अडतीसवर होते.

"मग एक्केचाळीस का?"

"अडतीस त्याचे. तीन माझ्या भीतीचे."

"आणि बाकीच्यांना?"

मामांनी दिवे लावले. "ओळ लिहिलों तेव्हां चारच होते गे. मग पांच आला, सहा आला, चोवीस झाले. ओळ तीच राहिली. बाकीचे कधीं उगे होतात तें मी मोजलोंच नाहीं. एकोणीस वर्षं." मग ते पुन्हा हसले, या वेळी थोडं ओशाळून. "म्हणजे ह्या विसांना मी उगाच बसवलों. तुझ्या जळगावचं उगाच."

उरलेला दिवस आम्ही अंधारात काढला. प्रत्येक बोर्ड तीनदा, एकूण बहात्तर वेळा. खटका मी दाबायचा, "विझला" हे मामांनी म्हणायचं, आकडा मी मोबाइलच्या उजेडात लिहायचा. पाचपासून चोवीसपर्यंत सगळे एका सेकंदाच्या आत विझले. पहिल्या चौघांना अनुक्रमे अडतीस, चौदा, नऊ आणि सहा लागले. लावण्याने एकदा दार उघडलं, काळोखात आम्हा दोघांना पाहिलं, "मला काही विचारायचं नाही," म्हणाली आणि दार लावून गेली.

"भीतीचे तीन काढू का?" मी शेवटी विचारलं. "सोळा मिनिटं वाचतात."

"तुला भीती वाटत नाहीं?"

मला मंगळवार आणि बुधवार आठवला. "वाटते."

"मग असूं दे."

मी एका ओळीच्या जागी चोवीस आकड्यांचा तक्ता लिहिला. वीस जणांना तीन सेकंद. पहिल्या चौघांना एक्केचाळीस, सतरा, बारा, नऊ. तक्त्याला मथळा दिला, 'उगा', आणि खाली या शब्दाचा अर्थ लिहिला, जळगावच्या माणसांसाठी. हिशोबाने एकूण पाच तास, चौपन्न मिनिटं, पन्नास सेकंद होत होते.

शुक्रवारी पावणेदहाला राणोजी सुरू केला. मामांचा नियम असा की चालू असताना पडद्याकडे पाहायचं नाही, राणोजीला आवडत नाही. म्हणून आम्ही टेबलफॅन पुसला आणि कॅलेंडर काढलं. दुपारी डबा उघडला तेव्हा त्यांचा फोन वाजला. घरून विशालाक्षीमामी. त्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"कर्नल उठला काय?"

"उठतोय," मामा म्हणाले.

लग्नानंतर दोन वर्षं मामींना वाटत होतं की आपला नवरा कुणा सैन्यातल्या कर्नलच्या हाताखाली आहे आणि तो साहेब फार झोपाळू आहे. आता त्यांना सगळं ठाऊक आहे, पण प्रश्न त्यांनी बदलला नाही.

"त्या पोरीला सांग, डांगर दोन वाट्या जास्त घातलें आहें."

"ती ऐकतेय. खातेय पण."

साडेतीन वाजून गेल्यावर लावण्या आली. या वेळी हातात कप नव्हते. बातमी कुठली असेल हे तिलाही माहीत नसावं. राणोजी चोवीस नंबरपासून उलटा येतो आणि शेवटी एकाकडे जातो. तेवीस बोर्डांपुढे 'पास' लिहून आलं होतं. आता एक नंबरची चौदावी फेरी उरली होती. "पडद्याकडे पाहायचं नाही," मी लावण्याला सांगितलं, आणि तिघंही बोर्डाकडे पाहायला लागलो.

खटका आपोआप पडला. दिवा मंद झाला.

"अडकलं का?" लावण्याने विचारलं.

"उगाच," मी म्हणाले.

तिला शब्द कळला नसणार. पण मामांनी ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि ते तिला कळलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मामा दोन्ही हात मागे बांधून उभे होते, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहतात तसे. ओठ किंचित हलत होते, मोजत असावेत. दिवा तांबूस झाला, मग असून नसल्यासारखा, मग विझला. मामांचे ओठ आणखी तीनदा हलले.

दिवा लागला.

पडद्यावर अक्षरं धावली, थांबली, आणि राणोजीने शेवटची ओळ लिहिली.

चोवीसपैकी चोवीस. वेळ: पाच तास, चौपन्न मिनिटं, त्रेपन्न सेकंद.