करवंटीची कावीळ

माझे सासरे दाजी कावीळ उतरवत. मालवणापासून कसालपर्यंत त्यांच्या ताटाचं नाव होतं. आंब्याच्या झाडाची साल वाटून तिचा रस रोग्याच्या हातांना चोळायचा आणि काशाच्या ताटात चुन्याची निवळी घेऊन त्यात ते हात धुवायचे. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. ती म्हणे उतरलेली कावीळ. दाजी कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत, आणि माणसं बरी होऊन पाया पडायला येत. अशा माणसावर शंका घ्यायची तर सुनेचं तोंड माझ्यासारखं तिखटच हवं.

अठ्ठावन्न साल असेल. आमचे हे बोटीवर नोकरीला होते, ते रजेवर आले तेच पिवळे होऊन. दाजींनी रोज सकाळी ताट मांडलं. पाणी रोज पिवळं, पण ह्यांचे डोळे त्याहून पिवळे. उजव्या बरगडीखाली कळ आली की हे पाय पोटाशी घेऊन पडून राहत. माणूस हातचा जातोय हे मला दिसत होतं.

"दाजी, कुडाळच्या डॉक्टराक दाखवया," मी म्हटलं.

"कित्याक गो? विश्रामाची उतरता आसा मां." दाजींनी ताटाकडे बोट दाखवलं.

उतरतेय, तर रोज एवढी येते कुठून? माणसाच्या अंगात कावीळ असून असून असणार तरी किती? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना. दुसऱ्या दिवशी ह्यांचे हात धुऊन झाल्यावर उरलेला रस मी माझ्याच हातांना चोळला, ताजी निवळी घेतली आणि हात बुडवले. पिवळंधमक पाणी!

शेजारची हौसाबाई ताट बघायला आली होती, ती "अगो बाये!" करत मागे सरली. दाजी मात्र डगमगले नाहीत.

"तू त्येची सेवा करतंस. तुका लागली आसतली."

"मगे हौसाबाय, तुझे हात बघया," मी म्हटलं.

हौसाबाई म्हणजे दोन माणसांचं जेवून तीन माणसांचं काम करणारी. तिचंही पाणी पिवळं झालं आणि ती रडायलाच लागली. मला हसू आवरेना. तेवढ्यात आतून ह्यांचं कण्हणं ऐकू आलं आणि माझा मलाच राग आला.

दाजी उकिडवे बसून ताटाकडे बघत राहिले. आता माझी खरडपट्टी निघणार, असं मी धरून चालले. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं. "थांब," म्हणत ते उठले आणि परसातून नारळाची करवंटी घेऊन आले. तिला रस चोळला, निवळीत धुतली. पाणी पिवळं. मग पायरीजवळचा एक धोंडा आणला. त्याचंही पिवळंच.

"करवंटयेक कावीळ," ते हळूच म्हणाले. आणि मग एकदम मोठ्यानं, "गाडी जुपूक सांग गो!"

रस्त्यापर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. कुडाळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पित्ताच्या वाटेत खडा अडकला असणार असं सांगून मोठ्या दवाखान्यात धाडलं. ऑपरेशन झालं, खडा निघाला आणि हे वाचले. मी देवापुढे साखर ठेवली, डॉक्टरांच्या हातावरही ठेवली.

दाजींनी मात्र डॉक्टरांना गाठलंच. "मग आमच्याकडे इतके लोक बरे झाले, ते कसे?"

"पुष्कळ काविळी आपल्या आपण उतरतात, दाजी. तोवर तुमचं ताट चालू असतं, एवढंच. पण काही उतरत नाहीत."

त्यानंतर कसालचा एक म्हातारा पिवळ्या डोळ्यांच्या बायकोला घेऊन आला. दाजींनी ताट मांडलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. पण त्यांनी त्या बाईच्या हाताला हात लावला नाही. करवंटी धुऊन दाखवली आणि म्हणाले, "बघितलंस मां? आता हिका घेवन कुडाळाक जा."

म्हातारा रुसलाच. "दाजी, इतकी वर्सां उतरवलास, आणि आजच कित्याक नाय?"

दाजींनी ताटातलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं.

"विश्रामाची आवस गेली," ते माझ्या सासूबाईंविषयी म्हणाले, "त्या सकाळीय ताट पिवळाच होता. तेव्हा माका करवंटी सुचाक नाय."