शून्य आलेली घरं

“शून्य आलेले आकडे गाळायचे, हा नियम कोणाचा?” चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

शहरातल्या प्रत्येक पाणीमीटरचा आकडा रोज आमच्या डेटा वेअरहाउसमध्ये येऊन साठतो. तिथे आम्ही सहा जण कामाला, आणि वर मॅडम. आकड्यांत कचरा म्हणून त्यांना खपत नसे. मागून आम्ही त्यांना चाळणीबाई म्हणायचो. शून्य आलं की मीटर बिघडला असं धरून तो आकडा आपोआप बाजूला पडे. एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचं शून्य असंच एकोणचाळीस दिवस पडत राहिलं. मीटर ठणठणीत होता. नळ उघडायला शिक्षिकाच उरल्या नव्हत्या.

आम्ही माना खाली घातल्या. नियमावर कोणाचं नाव नव्हतं आणि तो लिहिला गेला तेव्हा आमच्यातलं कोणी नोकरीलाही नव्हतं. मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. ‘ठाऊक नाही’ एवढं म्हटलं असतं तरी प्रकरण मिटलं असतं. खरं सांगायचं तर त्यांनी तेच म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

“माझा,” मॅडम म्हणाल्या. “अठरा वर्षं झाली. तिथे कोणी राहत असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.”

आठवड्याभरात प्रमुखपद काढून घेतल्याचा हुकूम आला. काचेच्या खोलीतली खुर्ची स्वतःच ढकलत मॅडमनी ती आमच्या रांगेत आणली. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच चहा आणायला गेले.

नव्या प्रमुखांकडे त्यांनी एकच काम मागून घेतलं. सलग तीन दिवस शून्य आलेल्या घरांची रोज यादी काढायची आणि एकेकाला फोन करायचा. बहुतेक जण गावाला गेलेले निघत. काही जण तुम्हाला काय करायचंय म्हणून फटकारत. मॅडम ऐकून घेत आणि नावापुढे खूण करत.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी एका नंबरावर चौथ्या खेपेला फोन उचलला गेला. मी शेजारीच होते.

“लेकीकडे गेलो होतो,” एक म्हातारा आवाज म्हणाला. “का हो?”

“काही नाही, आजोबा. पाणी बंद दिसलं म्हणून विचारलं.”

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला.

“पाणी चालू असलं, तरी उद्या कराल का फोन?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“येईल फोन,” त्या म्हणाल्या, आणि आजोबांचा नंबर कागदावर लिहून माझ्या पुढ्यात ठेवला.