मोकळा पट

धाकटीने माउसने घोडा पकडला आणि तो टाकायच्या घरावरच एक पांढरी चौकट येऊन बसली. तिने घोडा सोडला, चष्मा नीट केला आणि चौकटीतला मजकूर पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. पटाशेजारी तिचं घड्याळ उलटं धावत होतं. मजकूर संपवून तिने 'सहमत आहे' दाबलं, तोच खालून गाद्यांची जाहिरात वर आली. तीही तिने वाचली. तोवर वेळ संपला आणि डाव ताईच्या खात्यात जमा झाला.

धाकटीने साठी कधीच ओलांडली होती, पण ताईच्या लेखी ती अजून धाकटीच. माहेरी लाकडी पटावर दोघी तोडीस तोड होत्या, आज ही तर उद्या ती. आता ताई दुसऱ्या शहरात. संगणकावर खेळायला लागल्यापासून धाकटीने एकही डाव जिंकला नव्हता. 'वय झालं गं तुझं,' असं ताई फोनवर हसत म्हणायची. धाकटीला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. तिचं औषधांचं दुकान होतं. ज्याचं डोकं मंदावलं त्याने दुसऱ्याच्या हातात गोळ्या देऊ नयेत, इतका सरळ हिशेब. गेल्या आठवड्यात तिने काउंटरवर बसणं सोडलं आणि मुलाला नवा माणूस बघायला सांगितलं. मुलाने परोपरीने समजावलं, पण हिच्यापुढे कोणाची डाळ शिजते? तेव्हापासून दुकान उघडायच्या वेळेला ती रोज थोडी रडायची, हे मात्र तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

मागे कपड्यांच्या घड्या घालत बसलेली सून उठून जवळ आली.

"आई, आत्ता तुम्ही काय वाचत होतात?"

"सूचना आली होती."

"अहो, ती कोणीच वाचत नाही. फुलीवर क्लिक करायचं आणि पुढे जायचं."

"न वाचता? म्हणूनच लोक जेवणाआधीची गोळी जेवणानंतर घेतात."

जिने सगळा जन्म गिऱ्हाइकांना बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचायला लावलं, तिला न वाचता चौकट बंद करा म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने दुसरी वाट धरली. तिने शेजारी खुर्ची ओढली.

"आपण ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडू. मग या चौकटी तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. आलीच नाही, तर वाचायचा प्रश्नच नाही."

"आणि एखादी महत्त्वाची असली तर?"

"गाद्यांची?"

धाकटी हसली नाही, पण सरकून तिने जागा दिली. एक्स्टेंशन काय काय करणार याची माहिती समोर आली. ती तिने अर्थातच शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग धाकटीने स्वतःच्या हाताने परवानगी दिली.

ताईशी पुन्हा डाव मांडला. पट उघडला आणि उघडाच राहिला. पहिल्या काही चाली धाकटी बिचकतच खेळली, कुठून काही उपटतंय का ते बघत. काही आलं नाही. ताईचा उंट कुठल्या कोपऱ्यात टपून बसलाय ते तिला स्वच्छ दिसत होतं. तिने एक प्यादं मुद्दाम सोडून दिलं. सुनेचा जीव खालीवर झाला. ताईचा वजीर ते मारायला धावला आणि मागे राजा एकटा पडला. धाकटीचा घोडा आत शिरला, पाठोपाठ हत्ती. मात झाली तेव्हा घड्याळात अजून बराच वेळ शिल्लक होता.

धाकटीला इतका आनंद झाला की तिने सुनेच्या पाठीत धपाटाच घातला. दुसऱ्या डावात ताईला तिने डोकं वर काढू दिलं नाही. तिसरा डाव ताईने अर्ध्यावर सोडला आणि फोन वाजला.

"काय गं, कोणाला बसवलंयस खेळायला?"

"मीच आहे. सुनेने फक्त त्या चौकटी बंद करून दिल्या."

"कुठल्या चौकटी?"

"पटावर मध्येच येतात त्या. जाहिराती, परवानग्या. तुझ्याकडे नाही येत?"

ताईने समोरचा आपला पट पुन्हा एकदा न्याहाळला.

"जावयाने संगणक दिला तेव्हाच काहीतरी करून ठेवलं होतं. मला वाटलं, सगळ्यांचाच पट असा मोकळा असतो." मग तिचा आवाज खाली आला. "म्हणजे इतके दिवस मी हरवलं कोणाला?"

"गादीवाल्याला," धाकटी म्हणाली.

सून तोंड दाबून आत पळाली. ताईही हसली, पण जरा उशिरा. हरलेल्या माणसाला चढते ती ईर्षा तिलाही चढली होती.

"आज माझं लक्ष नव्हतं. उद्या सकाळी बस खेळायला, मग बघते तुला."

"सकाळी नाही जमायचं, ताई," धाकटी म्हणाली. "सकाळी मला दुकान उघडायचंय."