पुलावरची विचारपूस

नामाकाऊनं काचेवर टिचकी मारली, तसा पलीकडच्या खिडकीतला मुबिता टाळ्या वाजवता वाजवता थांबला. ट्रकवाल्याच्या गुरांची आणि सासऱ्याच्या गुडघ्याची चौकशी अर्धीच राहिली. मागची गाड्यांची रांग धुक्यात शिरून दिसेनाशी झाली होती.

झांबेझी नदीवर पूल झाला, तराफा काठावर ओढून ठेवला आणि त्यावरची चार माणसं टोलनाक्यावर आली. नामाकाऊ तराफ्याची कॅप्टन होती, नाक्यावरही तीच पुढारी. पण सवय अशी थोडीच जाते! नदी ओलांडेपर्यंत तराफ्यावर सगळ्यांची विचारपूस होऊन जायची. आधी हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार, मग घरचं, मग गुरांचं. तेच सगळं ही मंडळी आता टोलच्या खिडकीतून करू पाहत होती.

राजधानीतून, लुसाकाहून आलेल्या साहेबानं तिला बाजूला घेतलं.

"महिनाअखेरीस अशी रांग दिसली, तर मी माझी माणसं आणीन. तुम्ही चौघं घरी बसाल."

संध्याकाळी तिनं तिघांनाही पुलाखाली बोलावलं.

"उद्यापासून टाळ्या बंद. पैसे घ्यायचे, पावती द्यायची, की पुढची गाडी. आणि पुलावर घरचं काही काढायचं नाही. माझ्याशीसुद्धा नाही."

"बकऱ्यांना तरी नमस्कार चालेल ना, कॅप्टनबाई?" मुबितानं विचारलं.

"मस्करी पुरे. पोटाचा प्रश्न आहे."

तिला फार वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

रांग ओसरली. पुढचे दिवस गुंगीत गेल्यासारखे गेले. पुराचं पाणी मैदानभर पसरलं आणि पूलच सुटून हळूहळू वाहत चाललाय, असं तिला बसल्या जागी वाटू लागलं. धुक्यातून हात येत, नोटा देत, पुन्हा धुक्यात विरून जात. कोण गेलं, कोण आलं, तिला आठवेनासं झालं. मग साहेबाचा फोन आला.

"शाब्बास! माणसं तुमचीच राहतील."

त्याच सकाळी एका पिकअपमध्ये मक्याच्या पोत्यांवर एक म्हातारी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या. नामाकाऊनं ड्रायव्हरकडून पैसे घेतले आणि पावती पुढे केली.

"राहू दे गं नमस्कार," म्हातारी म्हणाली. "पण मुबिताला सांग, मला दफनाला यायला जमलं नाही."

"कुणाच्या दफनाला, मावशी?"

"अगं, त्याची आई गेली ना! रविवारी माती दिली. तू त्याची पुढारी, आणि तुलाच ठाऊक नाही?"

रविवारी मुबिताला सुट्टी होती. सोमवारी तो वेळेवर आला होता. बाकीच्या दोघांनाही ठाऊक असणारच. त्यांनी तिचं ऐकलं होतं, इतकंच.

पिकअप निघून गेली. नामाकाऊ खिडकी तशीच उघडी टाकून बाहेर आली. मागून भोंगे वाजू लागले. तिनं वळूनही पाहिलं नाही. ती मुबिताच्या खिडकीसमोर, गाड्या थांबायच्या जागी जाऊन उभी राहिली आणि टाळीसाठी दोन्ही हात जुळवले.

मुबितानं मान वर केली नाही. खिडकीतून त्याचा हात तेवढा बाहेर आला, पैशांसाठी.