आधी मेन

"मेन," अनिलकुमार म्हणाला. मोठ्यानं नाही.

सिद्धलिंगचा हात हवेतच थांबला. बोटं मुडपून, त्यांची पाठ त्यानं तांबड्या वायरीच्या उघड्या टोकापाशी नेली होती. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई शिवते, तसा तो वायरीला शिवणार होता. समोरच्या बोर्डावर मेन स्विचचं हँडल वरच होतं. लाइन चालू होती.

"काका, मीटर दिलंय की तुमाला," मागून अजिंक्य म्हणाला. "बोटं कशाला खर्च करताय?"

वर्कशॉपमधली पोरं हसली. सिद्धलिंगही हसला. त्याच्या निम्म्या वयाची पोरं होती. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती.

"आधी मेन खाली. मग मीटरनं बघायचं. मग हात लावायचा," अनिलकुमार म्हणाला. "परीक्षेला बाहेरून माणूस येणार. पहिल्या पायरीला चुकलात तर पुढची जोडणी कितीही देखणी असो, ते बघणार नाहीत. सरळ नापास."

"व्हय सर."

"मागल्या खेपेलाही व्हय म्हणालात."

एके काळी सिद्धलिंग आणि अनिलकुमार याच आयटीआयच्या एका बाकावर बसलेले. इलेक्ट्रिशियनचं पहिलं वर्ष दोघांनी मिळून काढलं. दुसऱ्या वर्षी सिद्धलिंगचे वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद झाली. वडील अंगणात खाटेवर बसले ते उठायचं विसरले, आणि सिद्धलिंग यंत्रमागाच्या कारखान्यात वायरमनच्या हाताखाली गेला. थोडे दिवस, म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांत त्याचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, केस पिकले. कारखान्याचा वायरमन तोच झाला, पण कागद नाही तो नाहीच. आता मालकानं नवे माग आणले आणि सांगून टाकलं, "सिद्धलिंग, विमावाले पास झालेला माणूस मागायलेत. तू कागद आण, न्हायतर मला कागदवाला आणावा लागंल." म्हणून राहिलेलं दुसरं वर्ष पुरं करायला तो परत आला होता. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पाळी. झोप त्याच्या डोळ्यांच्या कडेला पाहुण्यासारखी टेकलेली असे, चप्पल न काढता.

सुट्टीत गेटाबाहेर चहाच्या गाड्यापाशी अनिलकुमारनं त्याला गाठलं. तिथं तो सर नसे.

"का बे सिद्ध्या, तुला मेन दिसत न्हाई का?"

"दिसतंय की."

"मग पाडत का न्हाईस?"

सिद्धलिंगनं बशीत चहा ओतला. फुंकर घालत राहिला.

"आमच्या हितं मेन पाडायचं म्हणजे," तो म्हणाला, "लोकांच्या ताटावरनं हात फिरवल्यासारखं हाय. एका मेनवर सगळी शेड. एक माग बिघडला म्हणून मेन पाडला, तर सगळे थांबत्यात. मधीच थांबला माग की कापडात रेघ उठती. रेघेचा टॉवेल मालक धरत न्हाय. नगावर पोट हाय त्यांचं. मग ते माझ्याकडं बघत्यात. ते बघणं तू बघितलं न्हाईस."

"शॉक कुणी खाल्लाय का तिथं?"

"इसूफचाचानं. मला शिकवलं त्यानं. म्हणायचा, पंजानं धरशील तर सोडणार न्हाय, पाठीनं शिवशील तर ढकलून देईल. एकदा न्हाय ढकललं. वाचला, पण उजवा हात अजून भाकर मोडत न्हाय."

"तरी तू तसंच करतोस."

"हात करतोय," सिद्धलिंग म्हणाला. "मी कुटं करतोय?"

त्याच संध्याकाळी कारखान्यात एका मागाचा स्टार्टर जळका वास सोडू लागला. सिद्धलिंग मेनपाशी गेला. हँडलवर हात ठेवला. शेड नुसती धडधडत होती. तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचंच. दाराजवळच्या मागावरून नरसय्या बघत होता. पन्नाशी ओलांडलेला, घरी तेलुगू बोलणारा, साऱ्या शेडचा काका.

"का बे, मेन पाडतो का?" नरसय्या ओरडला.

"दोन मिंटं, काका. परीक्षा हाय माझी. सवय करायलोय."

"तुझी परीक्षा, आन् नापास आमी का? टॉवेल संपत आलाय माझा. सवय घरी कर जा."

दोघं-तिघं हसले. ते हसणं अजिंक्यसारखं नव्हतं. सिद्धलिंगनं हात काढून घेतला, फळकुटावर उभा राहिला, आणि बोटं मुडपून त्यांची पाठ पुढं केली. काम झालं. माग चालत राहिले.

मग त्यानं सवय घरी केली. बल्ब बदलायचा, मेन खाली. पंख्याचं बटण कुरकुरलं, मेन खाली. मोबाईलचा चार्जर लावायचा म्हणून एकदा मेन खाली गेला, तेव्हा महानंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे.

"आवं, मिक्सर चालू होता माझा. लाइट गेली म्हणून मी शेजारणीला इचारून आले. ती म्हणती, आमच्यात हाय, तुमच्यातच मास्तर शिरलाय."

"पाठ करायलोय."

"करा. पण चटणी वाटून होस्तोवर दम काढा की."

दारात बसलेल्या निंगव्वाला हसू आलं. त्याची आई. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावातून लग्न होऊन आलेली, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत जगणारी. जात्यावर बसणं सुटून तिला जमाना झाला होता, पण ओठ अजून दळत असत.

केस पिकल्या लेकाचं
दप्तर मी गं भरिते
शेंगा-चटणी ठेविते
भाकरीशी

"थट्टा करती का, आई?"

"थट्टा न्हवं, यप्पा. तवा भरायचं राहिलं माझ्याच्यानं. तुझा बाप बसून राहिला, आन् तू गेलास कामाला. तुला जा म्हणणारी मीच हुते." तिनं त्याच्या उजव्या हाताची बोटं धरली आणि उलटी करून बघितली. बोटांच्या पाठीवर बारीक काळे डाग होते. "साकु," ती म्हणाली. पुरे. "आता पडून घे जरा."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून बाई आल्या. गळ्यात चष्मा, हातात गुणांचा कागद. सिद्धलिंगच्या वाट्याला मोटरचा स्टार्टर आला. जोडणीत त्यांनी मुद्दाम एक बिघाड करून ठेवलेला. अनिलकुमार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. जुन्या मैत्रासाठी तेवढंच त्याला करता येण्यासारखं होतं, न बघणं.

सिद्धलिंग बोर्डासमोर आला. वायरीचं उघडं टोक त्याला लगेच दिसलं. त्याची बोटं आपोआप मुडपली, वर आली. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग, नाठाळ बैलाला दावणीकडे वळवावं तसा त्यानं हात वळवला आणि मेनचं हँडल खाली ओढलं.

खट्.

आणि तो तसाच उभा राहिला. हात हँडलवर, मान किंचित दाराकडे वळलेली. पोरं कुजबुजायची थांबली. बाईंनी कागदावरून मान वर केली.

"थांबलात का? पुढचं येत नाही का?"

"येतंय की, मॅडम."

"मग?"

"कुणी वरडतंय का बघत हुतो."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. वर्कशॉपात कुणी ओरडलं नाही. कुणाचा टॉवेल अर्ध्यावर राहिला नाही. बाहेर कुठंतरी रिक्षा रिव्हर्स घेत होती, तेवढाच आवाज. सिद्धलिंगनं मीटर उचललं, लाइन मेली असल्याची खात्री केली, आणि मग हात लावला. सरळ बोटांनी, पुढून.

निकाल पावसाळा सरताना लागला. पास. अनिलकुमारनंच फोन करून सांगितलं. मालकानं प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतली, बघून ड्रॉवरमध्ये टाकली.

"बरं झालं," मालक म्हणाला. "आता त्या मागल्या मागाची वायर बघ. ठिणग्या टाकायलीय."

शेडमध्ये दुपारची पाळी ऐन भरात होती. वायर उंचावर, छताच्या पट्टीजवळ करपली होती. सिद्धलिंगनं शिडी लावली. तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला, आणि मेनपाशी गेला. या वेळी त्यानं कुणाला विचारलं नाही.

माग एकामागून एक थांबले. शेवटचा थांबला तेव्हा नरसय्या आपल्या जागेवरून तरातरा येत होता.

"कुणी पाडलं बे मेन?" तो ओरडला.

एरवी मागांच्या धडधडीत मिसळून जायचा तो आवाज शांत शेडभर घुमला, पत्र्यावर आपटून त्याच्याच अंगावर आला. नरसय्या दचकला. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणीतरी खोकलं, तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी पाडलं, काका."

"किती येळ?" नरसय्यानं विचारलं. आता हळू.

"काम होस्तोवर."

नरसय्यानं वर करपलेल्या वायरीकडे बघितलं. मग सिद्धलिंगकडे. मागाकडे जाऊन त्यानं आपल्या अर्ध्या टॉवेलावरून एकदा बोट फिरवलं. रेघ उठणारच होती.

सिद्धलिंग शिडीवर चढला. वर पोचून मीटर लावलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की मेनला कुलूप नव्हतं. घाईला आलेल्या कुणीही येऊन हँडल वर केलं असतं. त्यानं मान वळवून खाली बघितलं.

नरसय्या मेनपाशी जाऊन उभा होता. हँडलला पाठ लावून, हाताची घडी घालून. दोन्ही भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते, आणि तो ते पुसत नव्हता.