मास्तरांच्या गाण्यातली रिकामी ओळ

मी एक स्पीकर आहे. रेकॉर्डच्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर बसलेला, उजवीकडचा. डावीकडे माझा जुळा भाऊ आहे, पण तो पहिल्यापासून घुम्या, म्हणून आमच्या घराण्याची हकीकत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आमचा जन्म एका छोट्या कारखान्यातला. एका सुताराने लाकडाची पेटी केली आणि एका बाईने आत कागदाचा पडदा बसवला. त्यावर बोटाने हलकेच टकटक करून ती म्हणाली, "ठीक आहे." एवढ्या कौतुकावर आम्ही जगात पाऊल टाकलं आणि थेट मास्तरांच्या घरी आलो.

मास्तर म्हणजे गायक. पूर्वी ते शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे पुढे नाव झालं तरी लोकांच्या तोंडी 'मास्तर'च राहिले. गिटार घेऊन स्वतःची गाणी गायचे. घराच्या मागच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायचं आणि मग आमच्यासमोर खुर्ची ओढून ते ऐकायचं, हा त्यांचा नेम. सूर चुकला असेल तर आमच्याकडे असे डोळे वटारून बघायचे, जणू आम्हीच बेसूर गायलो.

त्या खोलीत त्यांची लेक लहानाची मोठी झाली. आई लवकर गेलेली, म्हणून ती जमिनीवर वह्या पसरून तिथेच अभ्यास करायची. पुढे ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. घरात कामं करताना छान गुणगुणायची, पण कुणी ऐकतंय असं दिसलं की गप्प. "माझं गाणं बाबाच गातो," असं हसून म्हणायची.

मग मास्तरांच्या फुप्फुसांनी दगा दिला. जिना चढून आले की बराच वेळ भिंत धरून उभे राहायचे. तरी नवा अल्बम करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. सकाळी दम जरा बरा असायचा, म्हणून रेकॉर्डिस्ट सकाळीच यायचा. तो मास्तरांचा जुना मित्र, लेकीचा काका. पाठीशी उशा लावून मास्तर गायचे आणि दोन ओळींमध्ये डोळे मिटून बसायचे.

शेवटचं गाणं होतं एका माणसाचं, जो झोपण्याआधी घरातले दिवे एकेक करून मालवत जातो. शेवटच्या दिव्यापाशी त्याचा हात थांबतो आणि तो म्हणतो, "एवढा एक राहू दे." ती ओळ एकदम वरच्या पट्टीत होती. मास्तरांना ती काही गाठता येईना. गिटार पुढे जायची, आवाज यायचा नाही. पट्टी उतरवू या, असं काका म्हणाला, तर मास्तरांनी मान हलवली. "उद्या बघू," म्हणाले.

पण त्या दिवसानंतर ते गिटारपाशी बसलेच नाहीत. झाडांची पानं गळायला लागली त्या सुमाराला मास्तर गेले.

अल्बम पुरा करायचं काम लेक आणि काका यांच्यावर आलं. बाकीची गाणी मार्गी लागली, घोडं अडलं ते त्या एका ओळीपाशी. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "जुन्या गाण्यांवरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज तयार करून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," लेक म्हणाली. तो माणूस चहा न घेताच गेला.

काकाचं म्हणणं होतं, जागा रिकामीच ठेवावी. लेकीला ते पटत होतं, पण सोसत नव्हतं. ती जागा आली की ती खुर्चीवरून उठायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. एका सकाळी मात्र ती खिडकीकडे गेली नाही, माइकपाशी गेली. काकाने बटण दाबलं. तिने ती एक ओळ गायली आणि पदराआड तोंड लपवावं तसं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर घरात आमचा आवाज तिला नकोसा झाला. रेकॉर्डच्या दुकानाची मालकीण मास्तरांच्या ओळखीची होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. लेकीने आम्हा दोघांना तिच्याकडे आणून ठेवलं. "वाजते राहू देत," एवढंच म्हणाली.

अल्बम बाहेर आला आणि एकच गदारोळ उठला. दुकानात येणारी माणसं फोनवर आलेली मतं एकमेकांना वाचून दाखवायची. कुणी लिहिलं होतं, ऐकताना भाजी करपली तरी उठवलं नाही. कुणी लिहिलं, थकलेला आवाज जगासमोर आणायलाच नको होता, माणसाची काही लाज ठेवा. सगळ्यात जास्त राग होता तो त्या ओळीवर. 'बापाच्या जिवावर नाव कमवायला निघाली,' हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की मला ते पाठ झालं.

रविवारी दुपारी मावशीने अल्बम सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरवलं. दुकान भरून गेलं. काही जण उलट्या खोक्यांवर बसले. पुढच्या खुर्चीत निवृत्त बस ड्रायव्हर होते. मास्तरांचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. त्यांच्या शेजारी खोक्यावर एक नर्स होती, ड्यूटीवरून परस्पर आलेली. लेक सगळ्यात मागे दारापाशी उभी होती. तिला ओळखणारी फक्त मावशी, आणि तिला गप्प राहायला सांगितलेलं.

आम्ही जीव ओतून वाजलो. नर्सने सुरुवातीलाच रुमाल काढला तो परत ठेवलाच नाही. शेवटचं गाणं आलं, ती ओळ आली आणि ड्रायव्हरकाकांनी मान फिरवली.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "सगळं सोनं आहे. ती ओळ तेवढी नको होती. मी मास्तरांना ऐकायला आलो होतो. गाता आलं नाही तर नाही आलं. त्यांच्या गप्प राहण्यासाठी मी थांबलो असतो की. मध्ये ही कोण?"

"मला आवडली ती," नर्स म्हणाली. "कुणीतरी हात धरल्यासारखी."

"हात धरायला मी कुठे सांगितलं होतं?"

मागून आवाज आला, "ती मी आहे. त्यांची मुलगी."

दुकानातली सगळी डोकी वळली. ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले. "मला माहीत नव्हतं, ताई."

"माहीत असतं तर वेगळं बोलला असता?"

त्यांनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "हळू बोललो असतो."

लेक पुढे आली. "तुम्हाला हवं तसं गाणं माझ्याकडे आहे. ओळीशिवायचं. ऐकता?"

तिने फोनला वायर जोडली. गाणं सुरू झालं, दिवे मालवत मालवत शेवटच्या दिव्यापाशी आलं. गिटार पुढे निघाली. मग आमच्यातून मास्तरांचा श्वास आला, मोठा, ओढून घेतलेला. त्यावर आवाज चढला नाही. पुन्हा एक श्वास. खुर्ची करकरली. घशातून काहीतरी निघायला बघत होतं आणि निघत नव्हतं.

"बंद कर, पोरी," ड्रायव्हरकाका म्हणाले.

तिने बंद केलं. ड्रायव्हरकाका खाली बसले, चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं लाव."

"तुम्हाला आवडत नाही ना?"

"नाहीच आवडत. तू काही मास्तर नाहीस. पण लाव."

या वेळी ती ओळ आली तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही. आमच्याकडेही पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"सूर जरा चढलाय," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बाबानेही हेच सांगितलं असतं." आणि मास्तर गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना ऐकलं. नर्सने तिला आपल्या खोक्यावर जागा करून दिली.

बाहेरचा गदारोळ काही त्याने शमला नाही. लोक अजून भांडतात, भांडोत बिचारे, प्रेमापोटीच भांडतात. ड्रायव्हरकाका येतात तेव्हा अल्बम पहिल्यापासून लावायला सांगतात आणि त्या ओळीला दरवेळी काहीतरी कुरकुर करतात. लेकही अधूनमधून येते, दारापाशी न थांबता आत येऊन बसते.

हल्ली माझा आवाज फाटतो. आतला कागदाचा पडदा विरला आहे. मावशीने कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, नवा कागद बसवू, पण आवाज थोडा बदलेल. पुढच्या आठवड्यात तो मला न्यायला येणार आहे. माझा घुम्या भाऊ आतापासूनच आपल्या शेजारच्या रिकाम्या होणाऱ्या फळीचा विचार करत असावा, दोन दिवस त्याचा खर्ज जरा जडच लागतोय.

परत येईन तेव्हा तुम्ही जरूर या. पूर्वीसारखा राहिला नाही असं वाटलं तर तसं तोंडावर सांगा, मी रागावणार नाही. फक्त गाणं अर्ध्यावर सोडून जाऊ नका. संपेपर्यंत बसा.