चौथी शिंपली

बिल्किसने तिसरी शिंपली मांडली आणि वाळूचे हात फ्रॉकला पुसले.

"ही दादी, ही अम्मी, ही मी."

"झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

"झालं."

बालवाडीच्या दारात उभा असलेला तिचा बाप, वजीर, उगाचच चपलेचा अंगठा चाचपू लागला. चार वर्षांनी तो कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. गेला तेव्हा पोर पाळण्यात होती.

खेळ विमलाबाईंचाच. घरात जितकी माणसं तितक्या शिंपल्या मांडायच्या. आधी बाई स्वतःची एक मांडून दाखवत, मग पोरांची पाळी. त्यावरून प्रगतीच्या वहीत 'घरची माणसे मोजते' या रकान्यात बरोबरची खूण किंवा फुली. तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या बाई फुल्या दिसल्या की जीव खात. बिल्किसच्या घरी आज चार माणसं होती. विमलाबाईंनी पेन उघडलं आणि काही न लिहिताच मिटलं.

पोरं पांगल्यावर वजीर म्हणाला, "माजी नाय मांडलान. घरी पाहुणा म्हणते मला. येवढी भावली आणलीय, तिला हात लावीत नाय."

"बाहुली राहू द्या. उद्यापासून इथे येऊन बसा."

"आठच दिस ऱ्हायलेत, बाय."

"मग आठ दिवस या."

आला बिचारा. तो सहा फुटी गडी चटईवर मांडी ठोकून मणी ओवू लागला. जाड बोटांतून मणी निसटत आणि पोरं खिदळत. चौथ्या दिवशी बिल्किसने त्याच्यावर राज्य दिलं. सहाव्या दिवशी वाळूचे लाडू करताना ती त्याच्या पाठीला टेकून बसली, आणि तो पाय बधिर झाला तरी हलला नाही. शिंपल्या मात्र रोज तीनच. त्याने एकदाही तिला सुचवलं नाही.

शेवटच्या दिवशीही तीनच. वजीरने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"फुली लिवा, बाय. चूक ती चूक."

संध्याकाळच्या मुंबईच्या एसटीने तो गेला. विमलाबाईंना फार वाईट वाटलं. त्यांचे यजमान महिपतराव मुंबईलाच असत. गणपतीला आले तर आले. गेल्या दोन वर्षांत आले नव्हते, पत्रही नव्हतं. आपल्याला निदान रोज मोजून बघायला कोणी लावत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच आठवलं की आपणच रोज एक शिंपली मांडतो.

सोमवारी बिल्किसने तीन शिंपल्या मांडल्या, पण हात पुसले नाहीत. दाराकडे बघितलं. मग टोपली उपसून सगळ्यात मोठी शिंपली काढली आणि शेजारी ठेवली.

"ही कोणाची?"

"अब्बाची."

"अब्बा तर कुवेतला गेले ना गं?"

"गेलेत. पन आमचेच हायत."

वहीच्या नियमाने तिच्या घरात आता तीनच माणसं होती. विमलाबाईंनी रकान्यात बरोबरची खूण केली, जरा ठसठशीतच.

दुसऱ्या दिवशी पोरं गोल बसली. विमलाबाईंनी नेहमीप्रमाणे आपली एक शिंपली मांडली. हात मात्र टोपलीतच राहिला. पोरं वाट बघत होती.

त्यांनी दुसरी काढली, पदराने पुसली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.